पडणारी वीट वरच अडवायला हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बांधकामावर वरून काही पडून कामगार जखमी झाला की बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास येते: ‘त्याने हेल्मेट घातले नव्हते.’ चौकशीही तिथेच थांबते आणि चर्चाही. कोल्हापुरात बांधकामावर रोज उभे राहणारे आम्ही काही अभियंते, मुकादम, गवंडी आणि स्लॅबचा साचा उभारणारे सेंट्रिंगवाले मिळून हे पत्र लिहीत आहोत. हेल्मेट हवेच, त्यात वाद नाही. पण वीट डोक्यापर्यंत आली, म्हणजे त्याआधी वर चार गोष्टी चुकल्या. त्यातली एकही खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नव्हती.

आधी हिशेब बघा. पार्किंग आणि वर तीन मजले झाले की गच्ची साधारण १२ मीटरवर येते. तिथून सुटलेली वस्तू दीड सेकंदात जमिनीवर असते आणि आदळताना तिचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. आपली लाल वीट ३ किलोच्या आसपास भरते. युरोपातल्या ईएन ३९७ या मानकात हेल्मेटची आघात चाचणी ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकून घेतात. त्या आघाताच्या सातपट जोर या एका विटेत असतो. परांचीचे पाइप जोडणारा किलोभर वजनाचा कपलर धरला तरी जवळजवळ अडीचपट. प्लॅस्टरची खपली, सुटा नट, खिळा यांच्यापासून हेल्मेट नक्की वाचवते. विटेपासून वाचायचे तर वीट वरच अडवावी लागते. दीड सेकंदात ओरडणे ऐकू येते, बाजूला व्हायला वेळ पुरत नाही. उलट ‘ए, खाली बघा रे!’ कानावर आले की माणूस मान वर करतो आणि तोंडच पुढे देतो. म्हणून कामाच्या पहिल्या दिवशीच सांगावे, की आवाज आला की वर बघायचे नाही, जवळच्या स्लॅबखाली शिरायचे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे कडेची पायफळी. स्लॅबच्या कडेला आणि परांचीच्या फळ्यांच्या बाहेरच्या अंगाला सहा इंच उंचीची फळी उभी लावायची. पायाचा धक्का लागलेली वीट किंवा हातातून निसटलेली थापी बहुतेक वेळा आधी कडेपर्यंत घरंगळते आणि मग पडते. हे घरंगळणे पायफळी थांबवते. सेंट्रिंगची जुनी, इंचभर जाडीची फळी याला चालते. पण ती लावण्यात एक चूक जागोजाग दिसते. फळी उभ्या पाइपच्या किंवा बांबूच्या बाहेरून ठेवतात आणि दोन खिळे किंवा एक तार मारून मोकळे होतात. आतून धक्का बसला की खिळा उपसतो, आणि मग विटेबरोबर फळीही खाली जाते. फळी उभ्याच्या आतल्या अंगाला हवी, म्हणजे धक्का थेट उभ्यावर जातो. प्रत्येक उभ्याला बाइंडिंग वायरचे दोन वेढे घेऊन पक्कडीने पीळ द्यावा आणि पिळाचे टोक दुमडून टाकावे, नाहीतर ते साडीत नाहीतर पॅन्टमध्ये अडकते. दोन फळ्यांचा जोड उभ्यापाशीच घ्यावा. फळी आणि स्लॅब यांच्यात बोट जाईल एवढी फट नको. २० मीटर बाय १२ मीटरच्या मजल्याचा घेर ६४ मीटर होतो, म्हणजे दहा फुटी २२ फळ्या. चालू मजला आणि त्याखालचा एक धरला तर ४४. काम वर सरकेल तशा त्याच फळ्या वर जातात. एवढ्या सामानासाठी कोणत्याही इमारतीचे अंदाजपत्रक कोलमडत नाही.

फळी लावली म्हणून कडेला विटांचा थर रचायची मुभा मिळत नाही. सहा इंचांच्या फळीआड दोन फूट उंच थप्पी असेल, तर वरच्या विटांना अडवायला काहीच नसते. थप्पी कडेपासून निदान चार फूट आत, शक्यतो बीमच्या रेषेवर लावावी आणि थर आडवे-उभे आलटून पालटून रचावेत. परांचीवर अर्ध्या तासात लागतील तेवढ्याच विटा द्याव्यात. विटा खालून वर फेकून झेलण्याची पद्धत तर कायमची बंद व्हायला हवी. पहिल्या मजल्यापर्यंत हात बसलेला असतो, वेगही चांगला येतो, म्हणून ती टिकून आहे. पण दिवसाला हजार विटा झेलताना दोन सुटल्या तरी खालून फेकणारा माणूस वर तोंड करूनच उभा असतो.

सेंट्रिंग खोलण्याच्या दिवशी धोका सर्वांत जास्त, आणि गर्दीही त्याच दिवशी. प्लेटांना तेल नीट लावलेले नसले की त्या काँक्रीटला धरून बसतात. टेकू काढला, पाचर काढली, तरी प्लेट हलत नाही. मग पहारीने खालून ठोसे सुरू होतात. चार-पाच ठोशांनंतर वीसएक किलोची प्लेट एकदम सुटते, ती कुठे जाईल हे मारणाऱ्यालाही माहीत नसते. आतल्या प्लेटा निदान मजल्यावर तरी पडतात. छज्जाच्या आणि कडेच्या बीमच्या प्लेटा मात्र बाहेर पडतात, रस्त्याच्या बाजूला. म्हणून कडेची प्लेट सैल करण्याआधी तिच्या भोकातून दोर घालून तो आतल्या कॉलमला बांधून घ्यावा, आणि पहार बाहेरून आत ओढली जाईल अशी लावावी. स्लॅबचे टेकू मधून आधाराकडे, आणि छज्जाचे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यावे. घाई हे इथले मूळ दुखणे आहे. काँक्रीट कामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमचे २१ दिवस ठेवायचे असतात. पुढच्या साइटला माल हवा म्हणून खोलणी अंधार पडेपर्यंत चालते आणि खाली कोण आहे ते दिसेनासे होते. त्या दिवशी खालच्या मजल्यावर वायरिंगवाला, प्लंबर, फरशीवाला कोणीही नको. एका माणसाने शिट्टी आणि लाल दोर घेऊन फक्त खाली उभे राहावे. क्युरिंगचे पाणी मारणाऱ्या वॉचमनवर हे काम टाकले तर तो पाण्याकडेच बघणार.

आता लिफ्टबद्दल. माल चढवणारी लिफ्ट किंवा गच्चीवरची छोटी क्रेन आली की दोर-कप्पीचे कष्ट वाचतात, पण पडणारे ओझे दसपट होते. पहिली तपासणी दोराच्या टोकाची करावी. वायररोपचे टोक मागे वळवून यू-क्लॅम्पने आवळतात. त्यात क्लॅम्पची यू आकाराची सळई आखूड, मोकळ्या टोकावर बसली पाहिजे आणि खाचेची बैठक ओझे घेणाऱ्या लांब दोरावर. उलटे बसवले की सळई ओझ्याच्याच दोराला चिरडते आणि तिथे तारा तुटू लागतात. एक क्लॅम्प सुलटा, एक उलटा असे घालणारेही आहेत, तेही चूकच. १२ मिलिमीटरच्या दोराला निदान तीन क्लॅम्प हवेत, एकमेकांपासून सुमारे ७५ मिलिमीटरवर, आणि पहिले ओझे उचलून झाल्यावर नट पुन्हा आवळावेत, कारण ताण बसला की दोर बारीक होतो. दोर कधी टाकून द्यायचा याचाही नियम आहे. दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या की तो दोर बाद. ६ बाय १९ च्या, म्हणजे प्रत्येकी १९ तारांचे सहा पेड असलेल्या दोरात ११४ तारा असतात, म्हणजे १२ मिलिमीटरच्या दोराच्या ९६ मिलिमीटरमध्ये ११ हून जास्त तुटलेल्या तारा दिसल्या की संपले. मोजायला पाच मिनिटे लागतात. उघड्या हाताने दोर चाचपू नये, हातमोजा घालून जुने फडके फिरवावे. जिथे फडके अडकते तिथे मोजावे.

हुकाला दोर निसटू न देणारी जिभली नसेल तर ती लिफ्ट चालू करू नये. घमेली काठाच्या वर भरू नयेत. विटा दोराने आवळून किंवा सिमेंटच्या पोत्यात भरून चढवू नयेत, त्या जाळीच्या पिंजऱ्यातच जाव्यात. छोट्या क्रेनला मागून दाब म्हणून वाळूची पोती ठेवतात, हे सर्वांत वाईट. उन्हाने पोते विरते, पावसाने वाळू वाहून जाते, आणि कामाच्या गडबडीत कोणीतरी त्यातलेच एक पोते गिलाव्याला घेऊन जातो. दाब काँक्रीटच्या ठोकळ्यांचा असावा, ते मशिनच्या पायाला बोल्टने जखडलेले असावेत, आणि सकाळी पहिले ओझे जमिनीपासून फूटभर उचलून मागचे पाय हलतात का ते बघूनच पुढे जावे.

डक्टचा, म्हणजे पाइपांसाठी सगळ्या मजल्यांतून सोडलेल्या उभ्या पोकळीचा धोका बाहेरून दिसत नाही. वरच्या मजल्याचा राडारोडा टाकायला ती सगळ्यांना सोयीची जागा वाटते, आणि त्याच डक्टमध्ये तळाशी प्लंबर पाइप जोडत बसलेला असतो. त्याला वरचे आणि वरच्याला तो, दोघेही एकमेकांना दिसत नाहीत. यावर साधा उपाय स्लॅब टाकतानाच करता येतो. डक्टच्या मोकळ्या जागेतून ८ मिलिमीटरच्या सळ्या सहा इंचांच्या अंतराने दोन्ही दिशांनी आरपार तशाच जाऊ द्याव्यात आणि पाइप टाकायच्या वेळी लागतील तेवढ्याच कापाव्यात. माणूस त्यातून पडत नाही. वीट मात्र सहा इंचांच्या चौकोनातून सरळ निसटते, म्हणून त्यावर बारीक जाळी किंवा प्लाय तारेने जखडावा. नुसता ठेवलेला प्लाय कोणीतरी सरकवतो, आणि मग तोच खाली जातो.

राडारोड्यासाठी रिकाम्या प्लॅस्टिकच्या ड्रमांचे तळ कापून, एकात एक अडकवून, साखळीने बांधलेली नळी प्रत्येक मजल्यावरून सोडता येते. खालच्या टोकाभोवती पत्रा उभा करावा, माल टाकण्याआधी पाणी मारावे, आणि खालचा ढीग उचलताना वरचे तोंड बंद असावे. या शेवटच्या गोष्टीसाठी वर-खाली हाक देण्याची शिस्त लागते. ती नसेल तर नळी असूनही माणूस जखमी होतो.

बाहेरून लावलेल्या हिरव्या जाळीबद्दल बरेच गैरसमज आहेत. ती धूळ आणि बारीक खपल्या अडवते, विटेला अडवत नाही. रोपवाटिकेतले शेडनेट लावले तर तेवढेही होत नाही. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम कामगार नियमांत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीच्या घेराला संरक्षक छत सांगितले आहे. ते जमिनीपासून ५ मीटरच्या आत, किमान २ मीटर रुंद आणि आतल्या बाजूला उतरते हवे, म्हणजे पडलेली वस्तू इमारतीकडे घरंगळेल. अडचण अशी, की कळंबा, पाचगाव, उचगाव, फुलेवाडी या भागांत उठणाऱ्या बऱ्याच इमारती १५ मीटरच्या आतच राहतात. नियम लागत नाही म्हणून छत नाही. १२ मीटरवरून आलेल्या विटेचा हिशेब वर दिला आहे. तेव्हा दोन मजल्यांच्या वर काम गेले की छत हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बोळांत तर जुने घर उतरवताना समोरच्या दारापर्यंत आठ-दहा फूटही मिळत नाहीत. तिथे छत आणि रहदारी थांबवायची ठरलेली वेळ, दोन्ही हवीत. वरून सरळ सुटलेली वस्तू भिंतीलगत पडते, पण छज्जाला किंवा परांचीच्या पाइपला आपटून उसळली की ती दोन-तीन मीटर बाहेर जाते. लाल दोर त्या हिशेबाने लांब बांधावा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाचा वारा सुटतो. दुपारी आभाळ भरून येते आणि दहा मिनिटांत पत्रे, सुटा प्लाय, थर्माकोल, रिकामी पोती गच्चीवरून उडू लागतात. त्या महिन्यांत रोज तीनच्या सुमारास मुकादमाने गच्चीवर एक फेरी मारावी. हलके सामान दोराखाली घ्यावे, जे बांधता येत नाही ते आत न्यावे, लिफ्टची बकेट खाली टेकवावी. पाऊस थांबला की लगेच वर चढू नये. भिजलेली वीट जड होते, थप्पीखालची फळी निसरडी होते, आणि रात्री नीट असलेली थप्पी सकाळी कललेली असते.

हत्यारांच्या बाबतीत थोडक्यात: कपलर आणि नट खिशात किंवा कमरेला खोचू नयेत, कॅनव्हासची पिशवी द्यावी. पाना आणि हातोडी दोन हात लांब नायलॉन दोरीने कमरेच्या पट्ट्याला बांधावी. जड हत्यार माणसाला न बांधता परांचीला बांधावे.

हेल्मेट घेताना आयएस २९२५ हा मानक क्रमांक आणि आयएसआयची खूण बघावी. आतला पट्ट्यांचा सांगाडा आणि वरचे कवच यांच्यात जागा असते, तीच जागा आघात पचवते. तिथे विडी-काडी, मोबाइल, रुमाल ठेवला की हेल्मेट नुसती टोपी होते. हनुवटीचा पट्टा नसेल तर वाकताना हेल्मेटच खाली पडते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट तडा दिसत नसला तरी बाद करावे. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेले वाहणाऱ्या बाईला हेल्मेट घालताच येत नाही. दिवसभर वर काम चालू असताना खालून सर्वांत जास्त फेऱ्या तिच्याच असतात. तिला हेल्मेट का नाही, असे विचारण्याआधी तिची वाट इमारतीच्या आतून काढावी, जमिनीवरची वाहतूक हातगाडीवर न्यावी, आणि छताशिवाय तिला परांचीखालून जावे लागू नये असे काम आखावे.

मार बसलाच, तर जखमीला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. मान सरळ धरून १०८ ला फोन करावा. दोघांच्या मध्ये दुचाकीवर बसवून नेणे मानेच्या दुखापतीत घातक ठरते. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबावे, पण हाड खचल्यासारखे वाटले तर तिथे जोर देऊ नये. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, ‘काही नाही झालं’ म्हणतो आहे, तरी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन डोके तपासून घ्यावे. कवटीच्या आत रक्त साचायला काही तास लागू शकतात. तेवढ्या वेळात माणूस जेवून झोपतो आणि लोक त्याला झोप लागली असे समजतात. चोवीस तास कोणीतरी सोबत हवे. उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, हाका मारूनही जागा न होणे, यातले एक जरी दिसले तरी पुन्हा दवाखाना.

हे सगळे होत नाही त्याचे कारण फक्त निष्काळजीपणा नाही. काम चौरस फुटाच्या दराने दिले जाते. त्या दरात पायफळी, छत, जाळी, शिट्टीवाला माणूस यांचा हिशेब कुठेच नसतो, त्यामुळे ठेकेदार जे काही लावतो ते त्याच्या मजुरीतून जाते. बांधकाम व्यावसायिकांना आमची विनंती आहे, की या वस्तू करारात वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने लिहाव्यात आणि लावल्या असतील तरच पैसे द्यावेत. महापालिकेने जोत्याची तपासणी जशी ठेवली आहे, तशी दुसऱ्या स्लॅबनंतर एक फेरी ठेवावी आणि त्यात पायफळी, छत, लिफ्टचा दोर आणि डक्ट एवढ्या चारच गोष्टी बघाव्यात. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांसाठी भरलाच जातो. त्याचा लाभ मिळायला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. तो द्यायला ठेकेदार कचरतात. विजापूर, कलबुर्गी, बिहार, झारखंडहून आलेल्या माणसाला तो दुसरीकडून मिळवणे अवघड असते. भरपाईच्या वेळी ‘ठेकेदाराकडे बघा’ असे सांगून व्यावसायिकाला सुटता येत नाही. त्याच्या धंद्याच्या कामावर माणूस जखमी झाला तर मूळ मालक म्हणून तोही जबाबदार असतो. हे कामगारांना माहीत नसते, म्हणून इथे लिहिले.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच नकाशावर नसते. बांधकामावर तान्ह्या मुलाची झोळी बहुतेक वेळा परांचीच्या पहिल्या खांबाला बांधलेली दिसते. सावली तिथेच असते, आईला कामावरून दिसतेही. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातला पाळणाघराचा नियम ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथेच लागू होता, आणि आपल्याकडच्या बांधकामांवर चार-पाचच असतात. म्हणून जोत्याचे काम सुरू होतानाच, लिफ्ट ज्या बाजूला येणार नाही त्या बाजूला, इमारतीपासून निदान वीस पावलांवर चार बांबू आणि पत्र्याचा एक मांडव घालावा. झोळी तिथे बांधावी, पाण्याचा माठ तिथे ठेवावा, डबेही तिथेच उघडावेत.

आपले,
बांधकामावर काम करणारे काही अभियंते, मुकादम, गवंडी व सेंट्रिंग कारागीर,
कोल्हापूर